गुरांची खेप

"माणसं तीन, जनावरं सहा. चल, सोड!"

घाटाचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराच्या माणसानं आरोळी दिली आणि नावाड्यानं बांबू पाण्यात रोवला. नावेत जनावरं चारच होती. दोन बैल, दोन म्हशी. पाचवी मी. सहावा माझा भाऊ.

मला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून भाऊ मला न्यायला आला होता. माझं सासर गोदावरीच्या अलीकडे, कुंभार पिंपळगावच्या बाजारापासून थोडं खाली. माहेर पल्याड. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येते, पण पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत नावेशिवाय इलाज नाही. आम्ही सकाळपासून घाटावर बसलो होतो. माणसांच्या खेपा आमच्या डोळ्यांदेखत जात होत्या, येत होत्या. बाजारकरी गेले. एक म्हातारा खोकत गेला. एक बाई शेळी मांडीवर घेऊन गेली. ती शेळी माणसांच्या खेपेत गेली, कारण तिची मालकीण माणूस होती. आम्ही मांग. आम्हाला गुरांच्या खेपेची वाट बघायची होती, आणि ती निघायची दिवस कलल्यावर.

मधल्या धारेला नाव हेलकावली. एक म्हैस घसरली. तिचं सगळं अंग माझ्यावर आलं आणि माझं पोट नावेच्या कडेला दाबलं गेलं. मी ओरडले. भावानं म्हशीचं शिंग धरून तिला मागं रेटलं, तसा तिचा मालक खेकसला, "आरं ए, हळू! गाभण हाय ती!"

तो मालक वाईट माणूस नव्हता. त्याला म्हशीची काळजी होती. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. पैलतीरावर उतरल्यावर त्यानं म्हशीच्या पोटावरून हात फिरवला आणि तिला पेंढी टाकली. मी वाळूत बसून राहिले. मला उठता येत नव्हतं.

माझी आई सुईण. पंचक्रोशीतल्या मोठ्या घरांतल्या बायकासुद्धा तिच्या हातांवर मोकळ्या झालेल्या. बाळ बाहेर येईपर्यंत आईचा हात चालायचा, बाळ रडलं की तोच हात विटाळाचा व्हायचा. त्याच रात्री त्या हातांनी तिनं माझं मूल काढलं. मुलगा होता. निळा पडलेला. आईनं त्याला उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. कितीतरी वेळ ती थांबेचना. मग तिनं त्याला माझ्या लुगड्याच्या पदरात ठेवलं आणि म्हणाली, "गेलं बाई. नावेतच गेल्तं."

मी रडले नाही. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. नदीवर? म्हशीवर? देवावर काढून पाहिला, पण देवानं काही आरोळी दिली नव्हती.

भावानं मात्र गाव सोडलं. "ह्या घाटावरून पुन्यांदा उतरनार न्हाई," एवढंच तो म्हणाला. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडून तो जालन्याला गेला आणि सरकीच्या कारखान्यात हमालीला लागला.

घाटाचा कारभार कसा चालायचा, ते मला हळूहळू उमगलं. नाव गुत्तेदाराची नव्हती, लोकल फंडाची होती. म्हणजे सरकारची. तालुक्याला एक कमिटी होती. तिच्यात तहसीलदार साहेब, एक वकील, दोन देशमुख, एक सावकार. घाट, बाजार, कोंडवाडा, सगळ्यांचे दर ही कमिटी ठरवायची आणि मग लिलाव करून गुत्ता द्यायची. आमच्या घाटाचा गुत्ता वर्षानुवर्षं एकाच घरात होता. माणसाचं भाडं एक, जनावराचं दुप्पट. जनावर जागा अडवतं, घाण करतं, म्हणून दुप्पट. आमचंही दुप्पट. आम्ही किती जागा अडवतो, ते कुणी मोजलं नव्हतं.

आम्हाला गुरांच्या खेपेत का घालायचे, तेही सांगते. गुरांच्या खेपेनंतर नाव धुवावीच लागते. शेण असतं, मूत असतं. त्याच धुण्यात आमचा विटाळही निघून जायचा. आम्हाला माणसांच्या खेपेत घेतलं तर नाव मुद्दाम वेगळी धुवावी लागली असती. तेवढे कष्ट वाचावेत, म्हणून ही सोय. असा साधा हिशोब होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्या माणसांनाही नाही.

आणि ती नाव ज्या दोराला धरून नदी पार करायची, तो दोर माझा सासरा आणि नवरा वळायचे. काठापासून काठापर्यंत ताणलेला, मनगटाएवढा जाड. केकताडाचा, म्हणजे घायपाताचा, वाक भिजवायचा, कुटायचा, उन्हात वाळवायचा, मग मांगवाड्यातल्या सगळ्या गड्यांनी मिळून पीळ द्यायचा. हात सोलून निघायचे. त्याचं मोल नव्हतं. ती वेठ होती.

एकदा भाऊ आजारी पडल्याचा निरोप आला, म्हणून मी नवऱ्यासंगं जालन्याला निघाले. परतूरपर्यंत चालत गेलो आणि तिथून रेल. मी रेल पहिल्यांदाच बघत होते. नवऱ्यानं खिडकीत पैसे सरकवले. आतल्या माणसानं दोन तिकिटं सरकवली. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, काही नाही. आम्ही डब्यात चढलो आणि मी सवयीनं खाली, दाराजवळ बसले. शेजारच्या बाकावर एक धोतर नेसलेला माणूस होता, अत्तर लावलेला. तो म्हणाला, "बाई, वर बसा की. तिकीट काढलं न?"

मी बाकावर बसले. सबंध वाटभर मी दाराकडे बघत होते. आता कुणीतरी येईल, विचारील, उठवील. कुणी आलं नाही. जालना आलं.

मी भावाची चौकशी करायला गेले होते आणि डोक्यात भलतंच घेऊन परतले. पैसे दिले की बसायला मिळतं. मग आम्ही घाटावर दुप्पट पैसे देत होतो, ते कशाचे? मला कुणी शिकवलं नाही हे. त्या बाकानं शिकवलं. आणि ते कळल्यावर माझ्या मेलेल्या पोराचं दुःख कमी झालं नाही, उलट वाढलं. आधी वाटायचं, नशिबात नव्हतं. आता कळलं की ते पोर दरपत्रकानं मारलं होतं.

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले.

सासू नव्हती. मांगवाड्यात दुसरी सुईण नव्हती. पहिलं असं झालेलं, त्यामुळे आईचा निरोपावर निरोप यायचा, लवकर ये, सातवा लागायच्या आत ये. मला जायचं होतं. आईच्या हातांखेरीज दुसऱ्या हातांवर माझा भरवसा नव्हता. पण मधे नदी होती आणि नदीवर ती खेप होती. मी रात्रंदिवस एकच घोकत होते. हे मूल जगलं पाहिजे.

तेवढ्यात दवंडी आली. घाटाचा नवा लिलाव आहे, त्याआधी कमिटी दर ठरवणार, कुणाचं म्हणणं असेल त्यानं कचेरीत यावं. मी सासऱ्याला म्हटलं, "मामा, आपुन जाऊ."

"काय सांगनार तू?"

"आमाला मानसांच्या खेपंत घ्या म्हणनार."

सासरा हसला. पण भाडं कमी झालं तर बरंच, म्हणून तो निघाला. वाड्यातले चार बाप्ये निघाले. मीही निघाले. पोट घेऊन बाई कशाला, असं सगळे म्हणत होते. माझ्या पोटासाठीच तर चाललो होतो.

कचेरीच्या ओसरीखाली, उन्हात आम्ही उभे राहिलो. आत खुर्च्या. आधी बाजाराचं झालं, मग कोंडवाड्याचं, मग कुठल्याशा शाळेच्या छपराला रक्कम मंजूर झाली. आमची पाळी आली तेव्हा सासऱ्यानं जमिनीला डोकं टेकून सांगितलं की मायबाप, भाडं परवडत नाही. बाकी काही तो बोललाच नाही.

साहेब उर्दूत बोलत होते आणि त्यांचा कारकून, पेशकार, मराठीत सांगत होता. आतली कुजबूज थोडा वेळ चालली. गुत्तेदार स्वतः उठून साहेबांच्या कानाला लागला. मग पेशकारानं हुकूम सांगितला. मांग लोक घाटाला दोर फुकट देतात, म्हणून त्यांचं भाडं माफ. रिवाजाप्रमाणे त्यांनी जनावरांच्या खेपेत जावं.

माफ! आमचे बाप्ये उन्हात आडवेच पडले. "मायबाप सरकार!" सासऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं त्याला काही दिलं होतं. दोर पूर्वीपासून फुकटच होता, ती वेठ आता कायमची गळ्यात बांधली गेली होती, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मी पुढं झाले. बोलले ते आतपर्यंत ऐकू गेलं.

"फुकट नको."

पेशकारानं मान वर केली. "काय?"

"फुकट नको आमाला. पैसे घ्या. मानसात मोजा."

साहेबांनी विचारलं, "क्या बोलती है?"

पेशकाराला हसू आवरेना. "साहब, कहती है, मुफ्त नहीं चाहिए. पैसा देती है."

सगळी कचेरी हसली. वकील समजुतीनं म्हणाले, "बाई, सरकारनं एवढी मेहेरबानी केली. हात जोड अन् घरी जा." त्यांनाही मनापासून वाटत होतं की आमचं भलं झालं. तेवढ्यात गुत्तेदार म्हणाला, "मोजून काय करायचंय गं तुला? पल्याड जायचंय का आमच्यात सोयरिक जोडायचीय?"

पुन्हा हसणं. मी काही बोलायच्या आत सासऱ्यानं माझा दंड धरून मला मागं ओढलं आणि साहेबांना हात जोडून म्हणाला, "येडी हाय मायबाप. पोर गेल्तं तवापासून फिरलीय."

त्या दिवशी मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं बाळ गेलं तेव्हाही वाटलं नव्हतं. साहेब हसले त्याचं मी काही मानलं नाही, ते परके. माझ्या पोराचं मरण सासऱ्यानं मला वेडं ठरवायला वापरलं. तो मनानं वाईट नव्हता, भ्याला होता. पण भ्यालेल्या माणसाचाही मार लागतोच.

वाड्यात आनंदीआनंद झाला. हलगी वाजली. आता फुकट पल्याड जायचं, बाजाराला जायचं, सोयऱ्यांकडे जायचं. माझ्याशी मात्र कुणी धड बोलेना. हिच्या जिभेपायी मिळालेलं जाईल, असं बायका ओढ्याच्या झिऱ्यावर माझ्या तोंडावर म्हणायच्या.

सातवा लागला. नवरा म्हणाला, "चल, सोडून येतो. आता तर पैसाबी लागत न्हाई."

मी गाठोडं बांधलं. नवऱ्याला वाटलं, ऐकलं हिनं. घाटावर पोचलो तर माणसांची खेप लागत होती. बाजाराचा दिवस होता, बरीच गर्दी. नवरा नेहमीच्या जागी, दूर वाळूत जाऊन बसला. मी बसले नाही. मी सरळ फळीवरून नावेत चढले, माणसाचं भाडं नावाड्याच्या पुढ्यात फळीवर ठेवलं आणि मधोमध बसले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकीला कळलं. ती किंचाळली. आणि सगळी नाव रिकामी व्हायला लागली. धोतरं सावरत, टोपल्या उचलत, एकमेकांवर पडत माणसं खाली उतरली. एक म्हातारी बांगडीवाली तेवढी बसून राहिली, मुसलमानाची. ती म्हणाली, "अगे बैठी तो बैठी. नाव डुबती क्या?" मला फार बरं वाटलं. पण काठावरून तिच्या माणसानं हाक मारली, पुन्हा मारली, तशी तीही उठली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

नावेत मी एकटी उरले.

"उतर गं ए मांगीन!" गुत्तेदाराचा माणूस ओरडत होता. शिव्या सुरू झाल्या. आई, बाप, पोटातलं, सगळं निघालं. कुणीतरी ढेकूळ मारलं, ते पाठीत बसलं. मी पोटावर दोन्ही हात धरून बसले होते. मला वाटलं, आता येतील आणि मला फरफटत नेतील.

कुणी आलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे, आणि मग माझ्या लक्षात आलं. त्यांना येताच येत नव्हतं. मला उतरवायचं तर धरावं लागणार होतं, आणि मला धरणार कोण? काठावर एवढे धडधाकट बाप्ये, पण एका पोटुश्या बाईला हात लावायची एकाचीही छाती नव्हती. आयुष्यभर ज्या विटाळानं मला दूर ठेवलं, त्याच विटाळानं त्यांना दूर ठेवलं होतं. मला हसू आलं. खरंच आलं. मार खात असताना मी हसत होते.

गुत्तेदार घोड्यावरून आला. तो हुशार. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाळूत बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "ए, तुझीच न ही? काढ तिला खाली. न्हाई तर तुझ्या बापाच्या पाठीचं सालटं काढतो."

नवरा नावेत आला. "ऊठ," तो हळूच म्हणाला. "मारतील गं."

"मारू द्या."

त्यानं माझं मनगट धरलं. दोर वळणारा हात. त्या हातापुढे माझं काय चालणार? मी नावेची कड धरली. त्यानं ओढलं. पोटात कळ आली आणि मी ओरडले, "अवो, तुमचंच हाय पोटात! ह्या नावंत एक गेलं, दुसरंबी घालवता का?"

त्याचा हात क्षणभर सैल पडला. मग गुत्तेदारानं पुन्हा त्याच्या बापाचं नाव घेतलं आणि त्यानं मला उचललं. लहान पोराला उचलतात तसं. काठावर आणून वाळूत ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. नावाड्यानं नाव धुतली. लोक चढले. "माणसं सतरा. सोड!"

मी माहेरी गेले नाही. गुरांची खेप संध्याकाळी निघाली, फुकट होती, नवरा पाया पडला, तरी गेले नाही.

बाळंतपण अलीकडेच झालं, झोपडीत. वाड्यातल्या एका म्हातारीला दया आली, ती आली. तिला नीट दिसत नव्हतं. दोन दिवस मी मरणाच्या दारात होते आणि सारखी आईला हाका मारत होते. मुलगी झाली. जगली. पण तेव्हापासून माझी कंबर गेली ती गेलीच, आणि पुढं मला मूल झालं नाही.

त्याच हिवाळ्यात आई वारली. निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, चल, गुरांची खेप सुटायचीय, माती द्यायला पोचशील. मी नाही गेले. सगळ्या वाड्यानं मला दगडाच्या काळजाची म्हटलं. आईनं माझी मुलगी पाहिली नाही. मी आईचं शेवटचं तोंड पाहिलं नाही. ह्याचं दुःख माझ्या छातीत जसंच्या तसं आहे, आणि ते कमी होईल असं मला वाटत नाही. कुणी विचारतं, एकदा गेली असतीस तर काय बिघडलं असतं? काही नाही. त्या दिवशी एक जनावर वाढलं असतं, एवढंच.

औंदा निजामाचं राज्य गेलं. कचेरीवर नवा झेंडा लागला. कमिटीत नवे लोक आले. नव्या कमिटीनं घाटाचा लिलाव केला आणि गुत्ता त्याच घराला गेला. आमची माफी कायम ठेवली म्हणतात. खेपही तीच ठेवली.

माझी मुलगी आता चालते, बोलते. तिला आजीचं गाव बघायचंय. नवरा इतकी वर्षं त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलला नव्हता. परवा केकताड कुटता कुटता थांबला आणि म्हणाला, "म्या तुला उचलाया नको व्हतं. आता माझा जीव गेला तरी म्या तुला उतरवाया नावंत येनार न्हाई." सासरा ऐकत होता. त्यानं नको म्हटलं नाही. मग मी वाड्यात दारोदार गेले आणि प्रत्येक बाप्याला एकच विचारलं. गुत्तेदारानं सांगितलं तर मला उतरवायला येशील का? काही खाली बघून केकताड कुटत राहिले. काहींनी मानेनंच नाही म्हटलं. येतो म्हणणारा एकही निघाला नाही.

उद्या बाजार आहे. मी मुलीला घेऊन माणसांच्या खेपेत बसणार. भाडं ठेवणार, तिचं आणि माझं. ढेकळं येतील, शिव्या येतील, कदाचित त्याहून वाईट येईल. मला ठाऊक आहे. पण आता मला उचलायला आमच्यातलं कुणी येणार नाही. आम्हा दोघींना त्या नावेतून उतरवायचं असेल, तर त्यांना स्वतःच्या हातांनी आम्हाला शिवावं लागेल.